बॅटलक्रूझर कागदावरच जड होते तेव्हा: २६,५०० टनांत ३३ नॉट बसवताना कुठे चुकतं

लक्षण नेहमीचंच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली एक काल्पनिक वेगवान बॅटलक्रूझर (मोठ्या तोफांची, वेगावर भर दिलेली युद्धनौका) आखायला घेतली. आठ ३३० मिमी तोफा, बाजूंना २२५ मिमी जाडीचा चिलखती पट्टा, ३३ नॉट (ताशी सागरी मैल) वेग आणि सगळं २६,५०० टनांच्या आत. पहिल्याच बेरजेत हजार-दीड हजार टन जास्त भरतात. मग विस्थापन (जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं, म्हणजे जहाजाचंच वजन) वाढवायचं, वेग घसरला म्हणून अश्वशक्ती वाढवायची, यंत्रं लांबली म्हणून चिलखत लांबवायचं, त्याचं वजन पेलायला पुन्हा विस्थापन वाढवायचं. चार-पाच फेऱ्यांनंतर जहाज ३२,००० टनांच्या घरात गेलेलं असतं आणि वेग तरीही ३२ नॉटच. जहाज आखायचा स्प्रिंगशार्पसारखा प्रोग्रॅम वापरत असाल तर हाच आजार ‘कंपोझिट स्ट्रेंग्थ’ (सांगाड्याच्या एकूण मजबुतीचा आकडा) १.०० च्या खाली अडकून बसते, या रूपात दिसतो.

बहुतेक वेळा मूळ कारण एकच असतं. वेग अश्वशक्तीने विकत घेतलेला असतो, पण त्याचे टन कोणत्या खात्यातून वजा होणार हे ठरवलेलंच नसतं. पुढचं सगळं त्याभोवती फिरतं. उदाहरणासाठी फ्रेंच चौकट घेऊ, कारण हाच प्रश्न फ्रान्सने खरोखर सोडवला होता. युद्धनौकांच्या टनांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारात फ्रान्सला नव्या बांधणीसाठी ७०,००० टन मिळाले. जर्मनीने १९२९ मध्ये सहा २८ सेंमी तोफांची ‘डॉइचलँड’ बांधायला घेतली आणि तिच्या उत्तरादाखल २४ डिसेंबर १९३२ रोजी ब्रेस्टला ‘डंकर्क’ची कील (तळाचा कणा) बसवली गेली. २६,५०० टन, दोन चौपदरी टरेट (प्रत्येकी चार तोफांचे फिरते बुरूज), २२५ मिमी पट्टा. वेग मात्र २९.५ नॉट. ३३ का नाही, हे खालच्या आकड्यांतून कळेल.

आधी टन एकाच मापात आणा

करारातला ‘स्टँडर्ड’ टन हा १,०१६ किलोचा लाँग टन आहे. २६,५०० लाँग टन म्हणजे २६,९२४ मेट्रिक टन. पुढे नुसतं ‘टन’ लिहिलंय तिथे मेट्रिक समजा.

स्टँडर्ड विस्थापनात खलाशी, दारूगोळा, अन्नपाणी, सामान हे सगळं धरलेलं असतं. इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी तेवढं वगळलेलं असतं. इथेच पहिली गफलत होते. चिलखताची बेरीज स्टँडर्डशी जुळवायची, पण वेगाचं गणित पळत्या जहाजाचं करायचं, म्हणजे निम्म्याहून जास्त इंधन पोटात असताना. आपल्या जहाजाचं ते विस्थापन साधारण ३१,००० टन, म्हणजे ३०,५०० लाँग टन धरा. वेगाच्या सूत्रात चुकून २६,५०० घातलेत तर लागणारी शक्ती ९ टक्क्यांनी कमी दिसते. ३३ नॉटच्या जहाजात ही चूक १२,००० अश्वशक्तीची आहे. कागदावर ‘सहज बसलेल्या’ जहाजांपैकी पुष्कळ जहाजं या एका चुकीवर तरंगत असतात.

वजनाची वही मांडा

एकूण आकड्यावर विश्वास ठेवू नका. पाच खाती करा: सांगाडा, चिलखत, यंत्रं, तोफा, सामान. तुलनेला खऱ्या जहाजाची वही शेजारी ठेवा. ब्रिटिश ‘हूड’चा १९१७ चा हिशेब लाँग टनांत असा होता: सांगाडा १४,९५०, चिलखत १३,५५०, यंत्रं ५,३००, तोफा ५,२५५, इंधन १,२००, सामान ८००, राखीव १४५, एकूण ४१,२००. म्हणजे सांगाडा ३६ टक्के, चिलखत ३३, यंत्रं १३ आणि तोफा १३ टक्क्यांच्या आत. राखीव फक्त १४५ टन. जटलंडच्या लढाईनंतर चिलखत वाढत गेलं, जहाज ३६,३०० वरून ४१,२०० वर आलं, आणि मागचा डेक आयुष्यभर लाटांखाली राहिला. तुमच्या वहीत सांगाडा २५ टक्के दिसत असेल तर ते तुमचं कौशल्य नाही. काहीतरी मोजायचं राहून गेलंय.

आता आपलं ३३ नॉटचं जहाज मांडू. वॉटरलाइनवर (पाण्याच्या पातळीला) लांबी २४५ मीटर, रुंदी २९ मीटर, कीलपासून वरच्या डेकपर्यंत उंची १५ मीटर. हे अंदाज पहिल्या फेरीचे आहेत, पण प्रत्येकामागचा हिशेब दिसायला हवा.

सांगाडा: लांबी × रुंदी × उंची, त्याला ०.०९५ ने गुणा. १०,१२५ टन. (‘हूड’ला हाच गुणक ०.१२ च्या जवळ येतो. तीसच्या दशकात वेल्डिंग आणि चांगलं पोलाद आल्यावर ०.०९ ते ०.१० धरायला हरकत नाही. ०.०८ धरू नका.)

चिलखत: पोलादाचा एक मिमी जाडीचा एक चौरस मीटर ७.८५ किलो भरतो. एवढं पाठ असलं की बाकी फक्त क्षेत्रफळं. संरक्षित भाग १२५ मीटर लांब घेतला. पट्टा २२५ मिमी, उंची ५.७५ मीटर, दोन्ही बाजू: २,५४० टन. मुख्य चिलखती डेक ११५ मिमी: ३,००० टन. खालचा ४० मिमी डेक: १,०४५. आडव्या भिंती दोन: ५३०. टॉर्पेडोविरोधी ३० मिमी भिंत: ४७०. बारबेट (टरेटखालची गोल चिलखती भिंत) ३१० मिमी, १२ मीटर व्यास, दोघांची मिळून उंची १४ मीटर: १,२८५. सुकाणूची पेटी आणि कमांड टॉवर: ६५०. एकूण ९,५२०.

तोफा: चौपदरी ३३० मिमी टरेट आपल्या चिलखतासह सुमारे १,५०० टनांचं, अशी दोन. गोळा ५६० किलोचा. दारू आणि वेष्टण धरून फेरीला ७५० किलो, तोफेमागे १०० फेऱ्या, म्हणजे ६०० टन. दुय्यम तोफा आणि विमानविरोधी तोफा ९००. एकूण ४,५००.

यंत्रं: १,३७,५०० अश्वशक्ती, दर अश्वशक्तीला २२ किलो: ३,०२५ टन. ही शक्ती कुठून आली ते पुढच्या भागात.

सामान: १,०००.

बेरीज २८,१७०. मर्यादा २६,९२४. जवळपास १,२५० टन जास्त, आणि राखीव शून्य. नेमकं हेच लक्षण घेऊन आपण सुरुवात केली होती, आता निदान तरी आकड्यांत आहे.

इथे ‘विस्थापन थोडं वाढवू’ हा मोह होतो. त्याची किंमत मोजून घ्या. सांगाडा ३६ टक्के, यंत्रं ११ टक्क्यांच्या आसपास आणि दोन्ही विस्थापनाबरोबर वाढतात. त्यामुळे १०० टन चिलखत पेलायला जहाज सुमारे १७५ टनांनी वाढवावं लागतं. चक्र सुरू होतं ते इथून. विस्थापनाला खिळा ठोका. मर्यादा हलणार नाही. हलायचं ते बाकीच्यांनी.

वेग: शक्ती आधी नको, लांबी आधी

पहिल्या फेरीला अ‍ॅडमिरल्टी गुणांक पुरतो. लाँग टनांतल्या विस्थापनाचा २/३ घात घ्या, नॉटमधल्या वेगाच्या घनाने गुणा, अश्वशक्तीने भागा. आकडा जितका मोठा, तितका तोच वेग कमी शक्तीत. खऱ्या जहाजांवर आधी चालवून बघा. ‘हूड’ने चाचणीत १,५१,२८० अश्वशक्तीवर ३२.०७ नॉट काढले, विस्थापन ४२,००० च्या आसपास. गुणांक सुमारे २६५. अमेरिकन ‘आयोवा’, २,१२,००० अश्वशक्ती, ३३ नॉट. २५० च्या जवळ. ‘अलास्का’, १,५०,००० अश्वशक्ती, ३३ नॉट. तीही २५० च्या घरात. ‘डंकर्क’ २३०. आणि ‘साउथ डकोटा’, १,३०,००० अश्वशक्ती, २७.५ नॉट, जेमतेम २००.

शेवटचा आकडा बघून थांबायला हवं. वेग सगळ्यांत कमी आणि गुणांकही सगळ्यांत वाईट. कारण जहाज २०३ मीटर लांब आणि ३३ मीटर रुंद, आखूड आणि जाड. चिलखत दाट करायचं म्हणून मुद्दाम तसं केलेलं.

म्हणून दोन चाचण्या लावा. पहिली: नॉटमधला वेग भागिले मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ. ‘हूड’ १.९९, ‘आयोवा’ २.०४, ‘डंकर्क’ २.०४, ‘अलास्का’ २.१३. याच्या पुढे जहाज आपणच उठवलेल्या लाटेवर चढायला लागतं आणि शक्ती वेगाच्या घनापेक्षाही झपाट्याने मागतं. हद्द २.१ ठेवा. दुसरी: लांबी भागिले रुंदी. ७.५ च्या खाली गेलात तर २५० चा गुणांक विसरा.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘डंकर्क’चाच २०९ मीटरचा सांगाडा उचलून त्यावर ३३ नॉट लिहिणं. पहिल्या चाचणीत २.२८ येतात. अशा सांगाड्याला २०० पेक्षा चांगला गुणांक धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ३०,५०० लाँग टनांना तो लावला तर १,७५,००० अश्वशक्ती लागते. २४५ मीटरच्या सांगाड्याला २५५ धरला तर १,३७,५००. फरक ३८,००० चा.

पण लांबी फुकट मिळत नाही, हेही वहीत लिहायला हवं. २०९ × ३१ मीटरच्या सांगाड्यापेक्षा २४५ × २९ चा सांगाडा सुमारे ८९० टनांनी जड. उलट बाजूला यंत्रांचे ८२५ टन वाचतात, आणि एक बॉयलर खोली व एक इंजिन खोली कमी झाल्याने संरक्षित भाग साधारण १५ मीटरने आखूड होतो. आपल्या जहाजात त्या भागाचा प्रत्येक मीटर ५६ टनांचा आहे (पट्टा २०, मुख्य डेक २४, खालचा डेक ८, टॉर्पेडो भिंत ४). म्हणजे आणखी ८४५. निव्वळ नफा ७८० टन, शिवाय प्रवासात इंधन कमी. लांब करणंच योग्य, पण लांबीने चमत्कार होतो असं मानू नका.

एक बंधन सांगाड्याच्या बाकाचं. लांबी भागिले उंची १६ च्या फार पुढे गेली की लाटेच्या माथ्यावर जहाज मधोमध वाकतं आणि डेकला जास्त पोलाद द्यावं लागतं. आपले २४५ भागिले १५ म्हणजे १६.३, काठावर. हलक्या, वेगवान सांगाड्याचं काय होतं ते ‘करेजस’ने दाखवलंय. चार १५ इंची तोफा, १९,००० टनांचं जहाज, पुढून येणाऱ्या खवळलेल्या समुद्रात चाचणीत पूर्ण वेगाने नेलं (नोव्हेंबर १९१६). पुढच्या टरेटच्या अलीकडे डेक तीन ठिकाणी दबला, बाजूचा पत्राही वळला. नंतर १३० टन मजबुती घालावी लागली. ते १३० टन आरेखनातच असते तर बरं झालं असतं, म्हणून गुणक ०.०९५.

जुन्या जहाजांच्या पुनर्बांधणीतूनही हेच शिकायला मिळतं. जपानी ‘काँगो’ला तीसच्या दशकात मागच्या बाजूला सुमारे ८ मीटर लांबी जोडली, शक्ती ६४,००० वरून १,३६,००० केली, आणि वेग साडेसत्तावीसवरून तीसच्या आसपास गेला. दुपटीहून जास्त शक्ती, जोडीला लांबी, तरी जेमतेम अडीच-तीन नॉट. कारण चिलखत आणि बाजूच्या फुगवट्यांनी विस्थापनही वाढलं होतं.

यंत्रांचं साल जुळवा

अश्वशक्तीमागे किती किलो, हा आकडा सालावर अवलंबून आहे. ‘हूड’मध्ये २४ यारो बॉयलर, दाब २३५ पौंड प्रति चौरस इंच, ५,३०० लाँग टनांत १,४४,००० अश्वशक्ती: सुमारे ३७ किलो. ‘डंकर्क’च्या सहा इंद्रे बॉयलरांचा दाब २७ किलो प्रति चौरस सेंमी आणि वाफ ३५० अंशांची, त्या पिढीत २० ते २५ किलो धरता येतात. ‘रिनाउन’ घ्या: १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सला घेऊन मुंबईत आलं तेच जहाज. तेव्हा त्याच्या पोटात ४२ बॉयलर होते. १९३६ ते १९३९ च्या पुनर्बांधणीत त्यांच्या जागी आठ आले आणि टर्बाइनसह मिळून सुमारे २,८०० टन वाचले.

म्हणून १९२३ मध्ये बांधायला घेतलेल्या काल्पनिक जहाजाला २२ किलोची यंत्रं देऊ नका. १,३७,५०० अश्वशक्तीला ३५ किलोने ४,८१० टन लागतात, १,८०० टन जास्त. आपलं उदाहरण त्या सालात उभंच राहत नाही. उलट टोकही टाळा. जर्मन ‘शार्नहोर्स्ट’ वर्गाने फार उच्च दाबाची वाफ घेतली आणि दुरुस्त्यांसाठी जहाजं वारंवार गोदीत गेली. २२ किलोच्या खाली जायचं असेल तर भरवसा कमी होतो हे मान्य करूनच जा.

चिलखत: सगळे पट्ट्याकडे बघतात, टन डेकमध्ये असतात

पट्टा १० मिमीने वाढवला तर आपल्या जहाजात ११३ टन लागतात. मुख्य डेक १० मिमीने वाढवला तर २६० टन. तरीही बहुतेक आरेखनांत पट्ट्याच्या २५ मिमीवर वाद होतो आणि डेकची जाडी सहज पाऊण पट वाढवली जाते. जास्तीचे टन शोधताना आधी डेक बघा, मग संरक्षित भागाची लांबी, आणि पट्टा सर्वांत शेवटी.

पट्ट्याला स्वस्तात बळ देण्याची एक खरी युक्ती म्हणजे तो तिरपा बसवणं. ‘डंकर्क’चा ११.५ अंशांनी तिरपा आहे. १५ अंशांनी खाली येणाऱ्या गोळ्याला उभा २२५ मिमी पट्टा आपल्या वाटेत २३३ मिमीचा लागतो, तिरपा २५१ मिमीचा; शिवाय गोळा जास्त तिरका आदळल्यामुळे घसरण्याची शक्यता वाढते. तेवढीच उंची झाकायला पट्टा फक्त २ टक्के जास्त लागतो.

दोन्ही टरेट चौपदरी करून पुढे ठेवण्यामागचं कारणही याच वहीत आहे. आठ तोफा चार जुळ्या टरेटमध्ये ठेवल्या तर दोन टरेट वाढतात, प्रत्येकाखाली दारूगोळ्याच्या कोठाराला सुमारे १२ मीटर संरक्षित लांबी लागते. २४ मीटर गुणिले ५६ म्हणजे १,३४५ टन, वाढीव बारबेट वेगळे. २६,५०० टनांत ही चैन परवडत नाही. चौपदरी टरेटचा धोका खरा आहे, एका फटक्यात अर्धा तोफखाना बंद पडू शकतो. फ्रेंचांनी म्हणूनच टरेटच्या मधोमध चिलखती भिंत घातली आणि दोन टरेटमध्ये मोकळं अंतर ठेवलं.

मग जास्तीचे १,२५० टन कुठून काढायचे

मुख्य डेक ११५ वरून १०० केला तर ३९० सुटतात. खालचा डेक ४० वरून ३० केला तर २६०. दोन्ही करूनही निम्मंच काम होतं, आणि विमानं व लांबून येणारे गोळे यांच्यापुढे जहाज उघडं पडतं. तोफेमागच्या फेऱ्या १०० वरून ८० केल्या तर जेमतेम १२० टन. इकडून पाव, तिकडून चिमूट असं कापत गेलात तर जहाज सगळीकडे थोडं थोडं दुबळं होतं. ही पद्धत चुकीची आहे.

आता वेग ३३ वरून ३१.५ करून बघा. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात १,१९,६०० वर येते, यंत्रांत ३९५ टन सुटतात. लांबीची पहिली चाचणी २.१ वर ठेवून सांगाडा २२५ मीटर पुरतो, ८२५ टन सुटतात. यंत्रं आखूड झाल्याने संरक्षित भाग ७ मीटरने कमी, ३९५ टन. एकूण १,६१५. शेवटच्या दीड नॉटची किंमत सोळाशे टन!

बेरीज २६,५५५ वर येते, राखीव ३७०. हे अजून कमी आहे. बांधकामात पत्र्याची जाडी, रंग, केबल, मागाहून येणाऱ्या विमानविरोधी तोफा यांनी वजन वाढतंच. खालच्या डेकचे १० मिमी काढा, राखीव ६१५ होतात, म्हणजे २.३ टक्के. दोनच्या खाली थांबू नका, तीन मिळाले तर उत्तम.

३३ नॉट सोडायचेच नसतील तर मर्यादा उचला, पण मोठ्या पावलाने. अमेरिकेने ‘साउथ डकोटा’च्या जवळपास तेवढ्याच चिलखतात वेग २७.५ वरून ३३ वर नेला, तेव्हा ‘आयोवा’ ३५,००० वरून ४५,००० टनांवर गेली. डच ‘प्रकल्प १०४७’ची ३३-३४ नॉटची जहाजं नऊ २८ सेंमी तोफांसह २८,००० टनांच्या आसपास होती, १,८०,००० अश्वशक्तीची, तोफ लहान घेतली तेव्हा ते जमलं. करारातली दुसरी अडचण लक्षात ठेवा: ७०,००० टन तीन जहाजांत वाटले तर प्रत्येकी २३,३३३. त्यात ३३० मिमीच्या आठ तोफा आणि ३० नॉट यांपैकी एकच मागा.

वजन जुळलं, आता डोलणं

इथे बहुतेक जण थांबतात, पण वजन जुळलेलं जहाज कलंडूही शकतं. मेटासेंट्रिक उंची (कललेलं जहाज किती जोराने सरळ होतं याचं माप) काढा. वॉटरलाइनचा जडत्व-आघूर्ण अंदाजे ०.०४२ × लांबी × रुंदीचा घन, भागिले पाण्याखालचं घनफळ. २२५ × २९ मीटर आणि ३०,२४० घनमीटरला ७.६ मीटर. त्यात उत्प्लावन केंद्राची (पाण्याखालच्या घनफळाच्या मध्याची) उंची ४.८ मिळवा: १२.४. वजनाचा गुरुत्वमध्य कीलपासून १०.९ मीटरवर असेल तर हाती १.५ मीटर राहतात. चालतं.

डोलण्याचा काळ ०.८ × रुंदी भागिले मेटासेंट्रिक उंचीचं वर्गमूळ: १९ सेकंद. संथ, तोफांना सोयीचं. घाबरून रुंदी ३१ केली तर मेटासेंट्रिक उंची तीन मीटरच्या घरात जाते आणि काळ १४-१५ सेकंदांवर येतो. जहाज झटके देतं, नेम चुकतो, आणि लांबी-रुंदीचं गुणोत्तरही ७.३ वर घसरून गुणांक बिघडतो. उलट ब्रिजचा (जहाज जिथून चालवतात त्या कक्षाचा) मनोरा उंच करत गेलात तर गुरुत्वमध्य चढतो. प्रत्येक १० सेंमी चढ मेटासेंट्रिक उंचीतून थेट वजा होते. रुंदी ठरवताना टॉर्पेडोविरोधी खोलीही बघा: दोन्ही बाजूंना ५ मीटर दिले तर २९ मधून बॉयलरांना १९ उरतात.

पट्टा पाण्याखाली जातोय का

हे तपासायला पाच मिनिटं लागतात, तरी राहून जातं. २२५ × २९ मीटरच्या वॉटरलाइनला एक सेंमी बुडायला सुमारे ४५ टन लागतात. म्हणजे हजार टन जास्त भरले की जहाज २२ सेंमी खाली. ३१,००० टनांवर पट्टा ३.४ मीटर पाण्याबाहेर असेल, तर टाक्या पूर्ण भरल्यावर, आणखी ३,००० टनांनी, तो २.७ मीटर उरतो. त्यात १,२५० टनांची ‘दुर्लक्ष करण्याजोगी’ वाढ असेल तर आणखी २८ सेंमी गेले.

पुढच्या टोकाची उंचीही याच वेळी बघा. चालणारा ठोकताळा: मीटरमधल्या लांबीच्या वर्गमुळाला ०.६ ने गुणा. २२५ ला ९ मीटर. ‘किंग जॉर्ज पंचम’ वर्गात पुढच्या टरेटला थेट समोर आडवा मारा करता यावा म्हणून नाक बुटकं ठेवलं आणि जहाजं फार भिजली. ‘शार्नहोर्स्ट’चं सरळ नाक १९३९ मध्ये उंच आणि पुढे झुकतं करावं लागलं, तरीही पुढच्या टरेटमध्ये पाणी येतच राहिलं. दोन्ही टरेट पुढे असलेल्या आपल्या जहाजाला तर ते परवडणारंच नाही. पुढचं टोक एक मीटर जास्त उंच करायचं वजन सांगाड्यात धरून ठेवा.

पुन्हा फेरी

आता नवे आकडे पहिल्या पायरीवर परत न्या: टन, पाच खाती, दोन वेग-चाचण्या, मेटासेंट्रिक उंची, पट्ट्याची पाण्याबाहेरची उंची. दुसऱ्या फेरीत फरक ३००-४०० टनांचा येईल, तिसरीत १०० च्या आत यायला हवा. तिसऱ्या फेरीतही वजन वाढतंच असेल तर जाडी कापत बसू नका. वेग एक नॉटने उतरवा किंवा दोन तोफा कमी करा, आणि वही नव्याने मांडा.